जुन्या गाडीचा रंग आणि रंगाखालचा पत्रा

सुगी आटोपली, उसाचं बिल नाहीतर सोयाबीनची पट्टी हातात आली, की वाड्यात उभ्या असलेल्या जुन्या जीपकडे लक्ष जातं. लग्नसराईच्या आत गाडी जरा चकचकीत करून घेऊ म्हणून ती तालुक्याच्या गावी डेंटिंग-पेंटिंगला टाकली जाते. आठ-दहा दिवसांनी गाडी नव्यासारखी होऊन येते. पाहणारेही म्हणतात, काय गाडी काढली राव! मग एक पावसाळा जातो. पोळ्याच्या सुमारास दाराच्या खालच्या कडेला बारीक फोड दिसू लागतात. बोटानं दाबलं तर रंगाची खपली निघते आणि आत तांबडा भुगा. पैसे गेले, गंज मात्र जागच्या जागी.

यात दोष नेहमी कारागिराचाच असतो असे नाही. गिऱ्हाईक वरच्या रंगाचा भाव विचारते आणि कारागीर त्या भावात बसेल तेवढेच काम करतो. सडलेल्या पत्र्यावर पुट्टी, म्हणजे आपली लांबी, थापली की भोक दिसत नाही. पण पुट्टी ओल धरते. खाली जिवंत गंज असेल तर तो तिच्या आडून पसरतच राहतो.

शेतकऱ्याच्या गाडीचा पत्रा शहरातल्या गाडीच्या आधी जातो, त्याची कारणं आपल्याच वापरात आहेत. खताची पोती हे पहिलं कारण. डीएपी, पोटॅश ही तर क्षारच. फाटक्या पोत्यातून सांडलेले दाणे रबरी मॅटखाली जातात, हवेतली ओल ओढून पाझरतात आणि पत्रा खातात. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये तर मिठासारखाच क्लोराईड असतो. कोकणात खाऱ्या वाऱ्यानं जे होतं, ते घाटावर पोटॅशच्या पोत्यानं होतं. दुसरं कारण चिखल. मडगार्डच्या आतल्या बाजूला बसलेला काळा चिखल पाऊस थांबल्यावरही कित्येक दिवस आतून ओलाच राहतो. तिसरी गोष्ट फारशी कुणी पाहत नाही. दाराच्या अगदी खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती मातीनं बुजली की काचेच्या फटीतून उतरलेलं पाणी दारातच साचतं. एक तार घालून ती मोकळी करायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

म्हणून गाडी रंगाला टाकण्याआधी मॅट उचलावी, गाडी धुवावी आणि पेचकस घेऊन खाली शिरावं. फ्लोअर, दाराखालची पट्टी, मडगार्डचे सांधे टोचून पाहावेत. पेचकस आत शिरला तर तिथं पत्रा उरलेला नाही. वरून रंगवलेली जुनी गाडी विकत घेताना फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवावं. जिथं ते धरत नाही, तिथं जाड पुट्टी आहे असं समजावं.

इथं जीप आणि मारुतीसारख्या गाड्या यांतला फरक लक्षात घ्यावा. जुन्या महिंद्रा जीपला खाली स्वतंत्र चासी असते. बॉडीचा पत्रा सडला तरी इंजिन आणि चाकं चासीवर उभी राहतात, त्यामुळे फ्लोअर कापून नवा बसवता येतो. मारुती ८०० किंवा व्हॅनला अशी वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. तिची दाराखालची पट्टी आणि स्प्रिंग, शॉकअप बसतात त्या जागा पोकळ झाल्या असतील, तर वरून रंग देणं म्हणजे जिवाशी खेळ. अपघातात माणसाला राखणारा भागच तो. अशा गाडीवर आधी तिथला पत्रा नीट बदलण्याचा खर्च काढावा. तो परवडत नसेल तर रंगाचा विचार सोडावा.

पत्र्याचं काम करताना गंजका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढायचा आणि त्याच जाडीचा तुकडा बसवायचा. एका दमात सलग वेल्डिंग केलं तर पत्रा तापून वाकतो, म्हणून जागा बदलत टाके घ्यावेत. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. पेट्रोलच्या टाकीजवळ काम असेल तर टाकीच उतरवावी, यात हयगय नको. पोचा काढताना हातोडा मारत सुटलं तर पत्रा ताणून फुगतो. जाणता डेंटर फुगलेल्या जागी गॅसनं रुपयाएवढा ठिपका तापवतो आणि ओल्या फडक्यानं थंड करून पत्रा परत आवळतो. ज्याला हे जमतं त्याच्याकडे चार दिवस थांबावं लागलं तरी थांबावं. पत्रा हातानं सरळ झाला तर पुट्टी दोन-तीन मिलिमीटरच्या वर लागत नाही.

उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवू नये, त्याच दिवशी प्रायमर मारावा. रेडऑक्साइड स्वस्त पडतं, पण नुसतं ते पाणी अडवत नाही. खालच्या अंगाला इपॉक्सी प्रायमर जास्त टिकतो. पुट्टी घासून झाल्यावर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून पुन्हा पॉलिश पेपर फिरवला, की जिथं काळं राहतं तिथं खड्डा आहे हे आपोआप दिसतं.

रंगाचं काम पावसाळ्यात करू नये. दमट हवेत एनसी रंगावर पांढुरकी झाक येते. दिवाळी ते होळी हा काळ बरा. हार्डनर घालून मारायचा पीयू रंग टिकाऊ आणि महाग, पण त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, त्यासाठीचा खास मास्कच लागतो. घरच्या पोरांना अशा फवाऱ्याजवळ उभं करू नये.

कागदपत्रांचंही पाहावं. रंग बदलणार असाल तर परिवहन कार्यालयातून आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्यानं करावी लागते आणि पुढं दर ५ वर्षांनी. मोटारगाडीसाठीचं हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजार झालं. २० वर्षांपुढच्या गाडीसाठी २०२५ मध्ये ते १० हजार करण्यात आलं. पर्यावरण कर वेगळा. हा सगळा हिशेब मिस्त्रीच्या अंदाजपत्रकाशेजारी मांडून मगच गाडी गॅरेजला न्यावी.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. ओल्या कचऱ्याच्या पाण्यानं घंटागाडीचा हौदा लवकर सडतो आणि दुरुस्तीचा ठराव मासिक सभेत येतो. पण केंद्राच्या नियमानुसार सरकारी आणि पंचायतींच्या मालकीच्या १५ वर्षांपुढच्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून चालू राहत नाही, ती भंगारातच काढायची असतात. तेव्हा डेंटिंग-पेंटिंगच्या खर्चाला मंजुरी देण्याआधी आरसी बुकावरची पहिल्या नोंदणीची तारीख पाहावी.