तुंबलेली मोरी : आधी धागा ओळखा

दिंडोशीत म्हाडाची वसाहत आहे, पुनर्वसनाच्या इमारती आहेत आणि जनरल अरुणकुमार वैद्य मार्गाच्या बाजूला मोठे टॉवरही आहेत. टॉवरमध्ये क्वचित आंघोळीचा टब, बाकी घरांत साधी मोरी. पाणी तुंबले की अडचण मात्र सर्वांची सारखीच. ज्या घरात शिलाईचे मशीन किंवा जरीचा अड्डा चालतो, तेथे तर दुहेरी नुकसान. पाणी उंबऱ्याबाहेर आले की गिऱ्हाइकाचा माल भिजतो, आणि खालच्या मजल्यावर गळती झाली की शेजाऱ्याशी वाद होतो. प्लंबरची वाट पाहण्यात कामाचा दिवस जातो तो वेगळाच.

आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे. कापड जाळून ओळखण्याची रीत आमच्या व्यापारात जुनी आहे. लोकर आणि रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो, सुती धागा कागदासारखा जळतो. मोरीच्या बाबतीतही हाच फरक कामाचा आहे. कॉस्टिक सोडा केस, लोकर व रेशीम विरघळवतो, सुताला मात्र विरघळवत नाही. उलट गिरण्यांमध्ये सुताला चमक आणण्यासाठी, म्हणजे मर्सराइझ करण्यासाठी, कॉस्टिकच वापरतात. तेव्हा शिलाईच्या घरातील मोरीत सुताचा गुंता अडकला असेल, तर डबाभर कॉस्टिक ओतूनही पैसे पाण्यात जातील. गुंता ओढून काढणे हाच खरा इलाज.

काम असे करावे. हातात रबरी मोजे घालून मोरीची जाळी काढावी. खाली जो वाडगा असतो त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. आपल्या न्हाणीचे हे नाव इंजिनिअरिंगच्या पुस्तकांतही आहे. त्यात साठलेल्या पाण्यामुळे गटाराचा वास आणि झुरळे वर येत नाहीत. आत सुटा कप असेल तर तो उचलून धुवावा व पुन्हा जागेवर बसवावा, फेकून देऊ नये. तारेच्या टोकाला छोटा आकडा करून केस-धागे वर ओढावेत. आत ढकलू नयेत, नाहीतर गुंता पुढे जाऊन बसतो.

एवढ्याने भागले नाही तर रबरी पंप घ्यावा. रबर बुडेल इतके पाणी ठेवून पंधरा-वीस वेळा जोराने दाबावे व ओढावे. टबाला वरच्या बाजूला जादा पाणी जाण्याचे भोक असते, ते आधी ओल्या फडक्याने बंद करावे. बेसिनचा पाइप त्याच ट्रॅपला जोडलेला असेल तर त्याचेही तोंड बंद करावे. हवा तेथून निसटली तर पंपाचा जोर लागत नाही.

शेवटी साबण-तेलाचा चिकटा जाण्यासाठी धुण्याचा सोडा घालून गरम पाणी सोडावे. उकळते पाणी नको, पीव्हीसी पाइप नरम पडतो.

आता खबरदारी. तेजाब आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. तेजाबाने लादी आणि सिमेंटचे सांधेही खराब होतात. मोरीत आधीच कॉस्टिक किंवा तेजाब ओतले असेल तर पंप मारू नये, डोळ्यांत उडते. प्लंबर आला तर त्यालाही आधी सांगावे. दुकानदार बांधवांनीही लक्षात ठेवावे, सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली तेजाबाच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले आहेत.

एकाच वेळी वरखालच्या घरांतही पाणी तुंबत असेल तर दोष सामाईक पाइपात किंवा चेंबरमध्ये आहे. ते काम सोसायटीचे. चार पैसे देऊन कोणा गरिबाला चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टाकीत उतरवू नये. 2013 च्या कायद्याने गटार व सेप्टिक टाकीची अशी जोखमीची सफाई माणसाकडून करून घेणे गुन्हा आहे, आणि त्यात माणसे गुदमरून मरतात.

या सगळ्यापेक्षा स्वस्त उपाय आपल्या घरातच आहे. वॉशिंग मशीनच्या पाइपच्या तोंडाला जुना नायलॉनचा मोजा बांधावा आणि तो आठवड्याला झाडावा. काम संपल्यावर धागे-टिकल्या झाडूने गोळा कराव्यात, पाण्याने मोरीत लोटू नयेत. कारखान्यात कातरण वेगळे ठेवण्याची शिस्त आपल्याला आहेच, तीच मोरीलाही लावावी.