विश्लेषण : ट्रंकेतला रेल्वेचा जुना फोटो नेमका कोणत्या वर्षीचा?

फलाटावर उभी पाच-सहा माणसे, पायाशी वळकटी आणि पत्र्याची ट्रंक, मागे गाडीचा अर्धामुर्धा डबा. मलकापूर, नांदुरा, शेगाव किंवा खामगावच्या स्थानकावर काढलेला असा एखादा कृष्णधवल फोटो जिल्ह्यातल्या अनेक घरांत निघतो. दिवाळीच्या साफसफाईत तो हाती येतो, हातोहात फिरतो. 'साल कोणते असेल?' या प्रश्नावर 'आजीच्या लग्नाच्या वेळचे असेल' एवढे उत्तर मिळते आणि फोटो पुन्हा ट्रंकेत जातो. मात्र या फोटोत माणसांच्या मागे जे दिसते, म्हणजे डबा, इंजिन, तारा आणि अक्षरे, त्यावरून त्याचा काळ बऱ्याच अंशी ठरवता येतो. तो कसा, आणि ही मेहनत आत्ताच का घ्यायला हवी, याचा हा आढावा.

बुलडाणा जिल्ह्यात रेल्वे केव्हा आली?

देशातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली. ती चालवणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजेच जीआयपी रेल्वेने पुढच्या दशकात भुसावळकडून वऱ्हाडात रूळ टाकले. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असे टप्पे घेत ही लाइन पुढे गेली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. हाच आजचा मुंबई-हावडा मुख्य मार्ग. तो जिल्ह्याच्या उत्तर भागातून जातो. जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या बुलडाणा शहरात मात्र आजही रेल्वे नाही. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या तालुक्यांचीही तीच स्थिती आहे. त्यामुळे घाटावरच्या कुटुंबांच्या अल्बममध्ये रेल्वेचा फोटो असतो, तो बहुधा मलकापूर, खामगाव किंवा शेगावचा. गाडी धरायची म्हणजे आधी तिथवर जायचे, हा प्रवासाचा पहिला टप्पा होता.

खामगावला वेगळी लाइन कशासाठी?

कापसासाठी. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडून मिळणारा कापूस आटला आणि वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली. खामगाव ही त्या काळातली मोठी कापूस बाजारपेठ होती, पण मुख्य लाइन तिच्या उत्तरेकडून गेली होती. म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे १३ किलोमीटरचा फाटा टाकण्यात आला. १८७० मध्ये तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत तो सुरू झाला. चांदीच्या व्यापारामुळे रजतनगरी म्हणून ओळखले जाणारे खामगाव आजही याच फाट्याने मुख्य मार्गाला जोडलेले आहे. त्यामुळे खामगाव स्थानकाच्या जुन्या फोटोत कापसाच्या गाठी दिसल्या, तर त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नये. स्थानक तिथे का आहे, याचे उत्तर त्या गाठींतच आहे.

फोटोचा काळ ठरवायचा नियम कोणता?

एक साधा नियम लक्षात ठेवला तरी बरेच काम होते. रेल्वेत नवी वस्तू एका ठरावीक तारखेला येते, पण जुनी वस्तू हळूहळू जाते. म्हणजे फोटोत एखादी नवी गोष्ट दिसली, तर 'फोटो त्या वर्षाच्या आधीचा नाही' असे खात्रीने म्हणता येते. पण जुनी गोष्ट दिसली म्हणून फोटो जुनाच असेल, असे म्हणता येत नाही. बहुतेक चुका इथेच होतात.

शेजारच्या जिल्ह्यांतील 'शकुंतला' हे त्याचे ठळक उदाहरण. मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर या नॅरोगेज मार्गांवर इंग्लंडमध्ये १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढत होते. त्या वर्षी डिझेल इंजिन आले. म्हणजे शकुंतलेचा धुराचा लोट सोडतानाचा फोटो १९३० चा असू शकतो, तसाच १९९३ चाही. निव्वळ धूर पाहून 'ब्रिटिशकाळ' म्हणणे घाईचे ठरेल. अशा वेळी प्रवाशांच्या हातातली पिशवी, मनगटावरचे घड्याळ किंवा कपड्यांची फॅशन जास्त खरे सांगून जाते.

इंजिनावरून काय कळते?

इंजिनाचे तोंड गोल, बंदुकीच्या गोळीसारखे आणि त्यावर चांदणी असेल, तर ते बहुधा डब्ल्यूपी जातीचे प्रवासी गाडीचे इंजिन. ही इंजिने १९४७ पासून भारतात आली. मालगाड्यांसाठीचे डब्ल्यूजी इंजिन १९५० पासूनचे. देशात ब्रॉडगेजसाठी बनलेले शेवटचे वाफेचे इंजिन १९७० मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यातून बाहेर पडले, त्याचे नावच 'अंतिम सितारा' ठेवले होते. मात्र बांधणी थांबली तरी ही इंजिने पुढे दोन दशकांहून अधिक काळ धावत राहिली.

लांबट, चौकोनी तोंडाचे डिझेल इंजिन दिसले, तर ते डब्ल्यूडीएम-२ असण्याची शक्यता जास्त. ही जात १९६२ मध्ये अमेरिकेतून आली आणि १९६४ पासून वाराणसीत बनू लागली. अशा इंजिनाचा फोटो १९६२ च्या आधीचा असणे शक्य नाही.

गाडीच्या वर तारा दिसतात का?

इंजिन फोटोत आलेच नसेल, तर वर पाहावे. मुंबईकडून भुसावळपर्यंत विजेच्या तारा १९६० च्या दशकाच्या अखेरीस पोहोचल्या. भुसावळ-बडनेरा टप्प्यावर, म्हणजे मलकापूर ते शेगाव या पट्ट्यात, त्या यायला १९९० चा सुमार उजाडला. त्यामुळे शेगावच्या फलाटावरच्या फोटोत मुख्य लाइनवर खांब आणि तारा असतील, तर तो साधारण गेल्या साडेतीन दशकांतला. आकाश मोकळे असेल, तर बहुधा त्याआधीचा. भुसावळच्या फोटोत मात्र तारा वीस वर्षे आधीपासून दिसू शकतात. एकाच प्रवासात घेतलेल्या दोन फोटोंपैकी एकात तारा आणि दुसऱ्यात मोकळे आकाश असले, तर त्यात विसंगती नाही. उलट त्यातून फोटोचा काळ आणखी नेमका होतो.

डब्यावरची अक्षरे का वाचावीत?

कारण तारीख लपलेली असण्याची सर्वाधिक शक्यता तिथेच असते. डब्यावर किंवा मालडब्यावर जीआयपीची अक्षरे असतील, तर मूळ रंगकाम ५ नोव्हेंबर १९५१ च्या आधीचे. त्या दिवशी जीआयपीसह काही रेल्वे एकत्र करून मध्य रेल्वे स्थापन झाली. त्यानंतर डब्यांवर मध्य रेल्वेची अक्षरे येऊ लागली.

दारापाशी तीन उभ्या रेघा, म्हणजे रोमन आकड्यातला तीन, दिसला तर तो तिसऱ्या वर्गाचा डबा. हा वर्ग १९७४ मध्ये रद्द झाला. आता वरचा नियम लावून पाहा. एकाच फोटोत डब्ल्यूडीएम-२ इंजिन आणि तिसऱ्या वर्गाचा डबा असेल, तर तो १९६२ ते १९७४ या बारा वर्षांतला, फार तर त्यानंतर लगेचचा. त्यात कडेवर असलेले मूल आज पन्नाशी-साठीचे आहे, हे कळल्यावर ते मूल कोण, याचा शोधही सोपा होतो.

पाटीवर 'गीतांजली एक्स्प्रेस' असेल, तर फोटो डिसेंबर १९७७ नंतरचा. मुंबई-हावडा ही गाडी तेव्हा सुरू झाली. गाडीचा क्रमांक पाच आकडी असेल, तर तो २० डिसेंबर २०१० नंतरचा. रंगीत फोटोत डब्यांचा विटकरी-तांबडा रंग जुना. निळा रंग १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्वत्र दिसू लागला.

फोटोच्या मागच्या बाजूचे काय?

ती पुढच्या बाजूइतकीच महत्त्वाची. त्यावर स्टुडिओचा शिक्का किंवा पत्ता असेल, तर राज्याचे नाव पाहावे. आपला जिल्हा आधी मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. १९५० पासून तो मध्य प्रदेशात मोजला जाऊ लागला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. म्हणजे शिक्क्यावर खामगावपुढे 'मध्य प्रदेश' असेल, तर ती चूक नाही. तो शिक्का १९५० ते १९५६ या सहा वर्षांत तयार झालेला असणार.

फोटोचा आकारही बोलतो. पांढऱ्या कडेचा लहान चौकोनी फोटो आग्फा क्लिक-३ सारख्या कॅमेऱ्याचा असू शकतो. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो निघणारा हा स्वस्त कॅमेरा साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरांत पोहोचला होता. बारा फोटोंच्या रोलमधला एक फोटो फलाटावर खर्च झाला, याचा अर्थ तो प्रसंग घरासाठी महत्त्वाचा होता. नोकरीवर निघालेला मुलगा, सासरी जाणारी मुलगी किंवा शेगावची पहिली वारी, असे काही त्यामागे असते.

समाजमाध्यमांवरच्या जुन्या फोटोंवर विश्वास ठेवावा का?

पारखून घ्यावे. 'भारतातील पहिली रेल्वे, १८५३' या ओळीसह फिरणारा, कमानींच्या पुलावरून जाणाऱ्या गाडीचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. तो ठाण्याजवळच्या पुलाचा असून १८५५ च्या सुमाराचा मानला जातो. पहिल्या दिवसाच्या धावेचा तो फोटो नाही. दुसरा धोका नवा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपमधून जुना फोटो 'स्वच्छ' किंवा रंगीत केला की चेहरे तुकतुकीत होतात, पण डब्यावरची अक्षरे आणि आकडे बदलतात किंवा पुसले जातात. म्हणजे ज्या खुणांवरून साल ठरते, नेमक्या त्याच जातात. रंगवलेली प्रत कौतुकासाठी जरूर ठेवावी, पण मूळ प्रत टाकू नये. अक्षरे उलटी दिसत असतील, तर निगेटिव्ह उलटी ठेवून फोटो छापला गेला असण्याची शक्यता असते.

हे सारे आत्ताच का करावे?

कारण फोटोतली रेल्वे झपाट्याने जात आहे. अकोला-खंडवा मीटरगेज मार्गावर मेळघाटातील धूळघाटचा वळसा प्रसिद्ध होता. चढ कमी करण्यासाठी रूळ डोंगरात गोल फिरून स्वतःच्याच वरून जात. या मार्गावरील अकोला-अकोट मीटरगेज वाहतूक २०१७ मध्ये थांबली. २०२२ मध्ये त्या टप्प्यावर ब्रॉडगेज गाडी आली. पुढचा मार्ग व्याघ्र प्रकल्पाबाहेरून, आपल्याच जिल्ह्यातील सोनाळा, जामोद परिसरातून नेण्याचा पर्याय पुढे आला. त्यामुळे धूळघाटच्या वळशावरची गाडी यापुढे फोटोतच पाहावी लागणार.

मलकापूर आणि शेगाव ही स्थानके अमृत भारत स्थानक योजनेत आहेत. नव्या सोयी हव्याच, पण जुने छत, जुनी पाटी, जुना पाण्याचा नळ कसा होता, हे पुढे अल्बमच सांगतील. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी तर शंभर वर्षांहून जुनी आहे. तो मार्ग होईल तेव्हा चिखली, देऊळगाव राजाकडच्या घरांत स्वतःच्या गावच्या फलाटावरचे पहिले फोटो निघतील. तोवर मलकापूरच्या फलाटावर काढलेला फोटोच त्या घरांचा रेल्वे इतिहास आहे.

फोटो जपायचा कसा?

शक्य असेल तर स्कॅनर वापरावा आणि किमान ६०० डीपीआयवर, पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात. मोबाइलने काढायचा असेल, तर खिडकीजवळच्या सावलीत, फ्लॅशविना आणि फोटोला समांतर धरून काढावा. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो दबून लहान होतो, म्हणून तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. अल्बमच्या चिकट पानाला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, आहे तसाच स्कॅन करावा. मागे बॉलपेनने लिहू नये. त्याचा दाब पुढे उमटतो आणि शाई फुटते. मऊ पेन्सिलीने कडेला हलकेच लिहावे.

काय लिहावे? स्थानक, अंदाजे साल, डावीकडून उजवीकडे नावे आणि प्रवास कशासाठी होता ते. इंजिनाची जात आणि डब्याचा वर्ग पुढच्या पिढीलाही फोटोत पाहून ओळखता येईल. ट्रंकेशेजारी उभी असलेली बाई कोण, हे मात्र घरातल्या एखाद-दोन वडीलधाऱ्यांनाच माहीत असते. ती माहिती कोणत्याही स्कॅनरमध्ये येत नाही. त्यासाठी फोटो घेऊन त्यांच्याशेजारी बसावे लागते, आणि ते या सुट्टीतच केलेले बरे.