मायन्यातील दोन मापे

पेशवेकालीन मराठी पत्राचा मायना हा निव्वळ उपचार समजून अभ्यासक पुष्कळदा थेट मजकुराकडे वळतात. वस्तुतः लिहिणार व घेणार यांचे नाते मायन्यातच ठरलेले असते. पेशव्यांस लिहावयाचे तर ‘श्रीमंत... स्वामींचे सेवेसी’ आणि पुढे ‘विज्ञापना’. पेशवे थोर सरदारास लिहीत तेव्हा ‘अखंडित लक्ष्मी आलंकृत राजमान्य राजश्री... गोसावी यांसी’ व ‘विनंती उपरी’. हाताखालच्या कामगारास ‘आज्ञा’. अखेरची ‘हे विज्ञापना’, ‘हे विनंती’, ‘जाणिजे’ ही पदे सामान्यतः हाच क्रम पाळतात. त्यामुळे कागदाचा माथा फाटला तरी दर्जा ताडता येतो.

अभिवादनाचे माप मात्र निराळे, जातीचे. ब्राह्मणाने मराठ्यास आशीर्वाद लिहावा, मराठ्याने ब्राह्मणास दंडवत. मराठ्यांत परस्परांस रामराम. म्हणूनच ‘आशीर्वाद विनंती उपरी’ ही जोडणी लक्षणीय होय: पहिले पद वरून खाली पाहते, दुसरे खालून वर, आणि दोन्ही एकाच लेखणीची! पदरच्या ब्राह्मण कारकुनाला धन्याशी बोलताना हीच कसरत करावी लागे. संपादकाने जागा वाचविण्यासाठी मायना गाळून ‘वि. वि.’ एवढेच छापले, तर हा पुरावा मूळ कागदाखेरीज कोठेच उरत नाही.