कपाटातला जुना फोन बाहेर काढा



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले, चहा यायला वेळ होता. मी सहज विचारलं, "कोणाकोणाच्या घरी जुना टचचा मोबाईल पडून आहे?" निम्म्याहून जास्त हात वर आले. कोणाचा पिठाच्या डब्यामागे, कोणाचा साड्यांच्या घडीखाली. काच तडकलेली, पण चालू होतो. एक मावशी म्हणाल्या, "मी तर भांडीवालीला दिला, पातेलं आलं त्याच्यावर." आत काय होतं विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं, नुसते फोटो." त्या फोटोंत त्यांचं आधार कार्ड होतं, पासबुकाचं पान होतं आणि लेकीचं अख्खं लग्न होतं. ते फोटो आता दुसरीकडे कुठेच नाहीत.

सिम काढलं की फोन मेला, असं आपल्याला वाटतं. पण सिम लागतं ते बोलायला आणि नेटला. कॅमेरा, टॉर्च, गजर, कॅल्क्युलेटर, आवाज रेकॉर्ड करणं, यातल्या कशालाच सिम लागत नाही, म्हणजे रिचार्जही नको. नेट लागलंच तर घरातल्या दुसऱ्या फोनचं हॉटस्पॉट चालू करून तेवढ्यापुरतं घेता येतं.

मला सगळ्यात पटलेला उपयोग गटाच्या हिशोबाचा. एका गटाची पेटी पावसाळ्यात पत्र्याच्या गळतीखाली आली आणि नोंदवहीची चार-पाच पानं शाई पसरून गेली. एक ताई म्हणतात, मी हप्ता भरला. सचिव ताई म्हणतात, मला वाचता येत नाही, मी कसं लिहू? दोघी खोटं बोलणाऱ्या नाहीत. तरी दोन बैठका अबोल्यात गेल्या, आणि एका सासूबाईंनी सुनेला गट सोडायला सांगितलं. शेवटी बँकेच्या पासबुकाशी ताळा लावून भांडण मिटलं, पण मनातली अढी लगेच जात नाही.

आता त्या गटात अध्यक्षांच्या मुलाचा जुना फोन गटासाठी ठेवलाय. बैठक संपली, सह्या झाल्या, की त्या दिवसाच्या पानाचा फोटो काढायचा. उजेडात, चारही कोपरे दिसतील असा. आकडे वाचता येतात का ते तिथेच मोठं करून बघायचं, सगळ्यांना दाखवायचं. फोनचा लॉक नंबर तिन्ही पदाधिकाऱ्यांना माहीत. वही सचिवांकडे राहते, म्हणून फोन कोषाध्यक्षांकडे. दोन्ही एकाच पेटीत ठेवले तर पाणी दोन्हींवर पडणार ना! आणि फोटो आहे म्हणून वही लिहायचा कंटाळा नको. सही वहीवरच होते, खरा कागद तोच.

शेळ्या असतील तर प्रत्येक शेळीचा फोटो काढून ठेवा, कानातला बिल्ला वाचता येईल असा. विमा काढलेला असेल तर हा फोटो हाताशी असलेला बरा. पोरांसाठी बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, ती एकदा उतरवून घेतली की नेट नसतानाही उघडतात. जुना फोन गोठ्यात लावून रात्रभर कॅमेऱ्यासारखा वापरता येतो असंही लोक सांगतात. येतो, पण त्याला सतत नेट आणि वीज लागते. आपल्याकडचं भारनियमन बघता मी त्याच्या नादी लागणार नाही.

फोन दुसऱ्याला द्यायचा असेल तर आधी फोटो दुसरीकडे घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढा. मग सेटिंगमध्ये जाऊन गुगलचं खातं काढा आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट करा. हा क्रम मी स्वतः चुकले आहे. बाबांचा जुना फोन खातं न काढता मागच्या बटणांनी रीसेट केला आणि आईला दिला. चालू केल्यावर त्याने बाबांच्या खात्याचा पासवर्ड मागितला. बाबांना तो आठवेना. दोन महिने फोन नुसता विटेसारखा पडून होता, आणि आई म्हणायची, "एवढी शिकलीस, पण फोन काही उघडेना तुला."

घरात नवा फोन आला की तो आधी कोणाच्या हातात जातो, हे मी तुम्हाला सांगायला नको. जुना मात्र बाईकडे येतो, तोही नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खात्यासकट. तुमच्याकडे असा आला असेल तर तो रीसेट करून स्वतःचं खातं घाला. म्हणजे तुमचे फोटो तुमचेच राहतील.

दोन गोष्टी मात्र नक्की टाळा. फार जुन्या फोनला कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट येणं बंद झालेलं असतं, म्हणून त्यात बँकेचं किंवा पैसे पाठवायचं अॅप ठेवू नका. पैशांची फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करा, जेवढा उशीर तेवढे पैसे लांब जातात. दुसरं म्हणजे फुगलेली बॅटरी. मागचं झाकण उचललेलं दिसलं, टेबलावर ठेवल्यावर फोन डुगडुगला, तर तो चार्जिंगला लावायचा नाही, दाबायचा नाही, टोचायचा तर अजिबात नाही. तिला आग लागू शकते. चुलीत किंवा उकिरड्यावरही टाकू नका. पोरांच्या हाती लागणार नाही असा, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

पुढच्या बैठकीला येताना जुना फोन पिशवीत टाकून आणा, चार्जरसकट. फुगलेला असेल तर आणू नका, नुसतं सांगा, मी घरी येऊन बघते. गुगलचं खातं कसं काढायचं ते एकेकीच्या हाताने करून घेऊ.