शेतकरी व्हायचंय? सातबारा आणा

कृषी पदविका झाली आहे, ठिबकच्या नळ्या जोडता येतात, दुसऱ्याच्या डाळिंबबागेत राबून बहार धरायलाही शिकलाय. असा मुलगा एकरभर रान विकत घ्यायला निघाला, की पहिला प्रश्न येतो: घरात कुणाच्या नावावर सातबारा आहे का?

कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतजमीन शेतकऱ्याला किंवा शेतमजुरालाच विकता येते; इतरांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ही अट उठवा म्हणणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. अट गेली तर रान फार्महाऊसवाला घेईल. या मुलाच्या खिशात तेवढे पैसे कुठले?

त्याला परवडेल तो खंड. पण तिथे १९५७ आडवं येतं. त्या वर्षी १ एप्रिलला, कृषक दिनी, कसणारी कुळं कायद्याने जमिनीची मालक ठरली. काम मोठंच झालं, पण त्याची धास्ती जमीनवाल्यांच्या घरांत अजून गेलेली नाही. म्हणून खंड तोंडी, एका सालाचा. पीकपाहणीला नाव मालकाचंच. काही जण तर दर साल कसणारा बदलतात.

एका सालाच्या बोलीवर शेणखताच्या गाड्या कोण टाकील? डाळिंबाचा पहिला बहार धरायलाच दीड-दोन वर्षं लागतात. मग सोयाबीन नाहीतर कांदा, म्हणजे रान लवकर मोकळं होईल असंच काहीतरी. कागद नाही म्हणून पीककर्ज नाही. गारपिटीत पीक याचं झोडपलं जातं, भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाने येते. किसान सन्मान योजनेचे वर्षाला सहा हजारही मालकाच्याच खात्यात, मग तो पुण्यात का राहत असेना.

महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होतं. २०१५-१६ मध्ये ते १.३४ वर आलं. वाटण्यांतून उरलेले कितीतरी तुकडे, घरात कसणारं कोणी नाही म्हणून नुसते पडून असतात; त्याच धास्तीने खंडाने दिले जात नाहीत.

नीती आयोगाने २०१६ मध्ये खंडाच्या या अडचणीवर नमुना कायदा सुचवला: मुदत आणि खंड दोघांनी ठरवायचा, मुदत संपली की जमीन मालकाकडे परत, कूळहक्क लागायचा नाही, आणि त्याच कागदावर कसणाऱ्याला कर्ज-विमा मिळायचा. केरळात कुटुंबश्री या सरकारी महिला योजनेतल्या बायका गट करून खंडाने भात-भाजी पिकवतातच.

तरुणांनो शेतीकडे या, असं सांगणारी शिबिरं पुष्कळ झाली. सरकारने आता पाच सालांचा खंड बिनधोक कागदावर आणावा.