शेतकऱ्यांची मंडळे : नभोवाणीपासून मोबाईलपर्यंत

सन १९५६ मध्ये पुण्याच्या नभोवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांतून सुमारे १५० गावे निवडून प्रत्येक गावी शेतकऱ्यांचे एक श्रोतेमंडळ स्थापण्यात आले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम सर्वांनी एकत्र बसून ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि उरलेले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवावेत, अशी योजना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळ असलेल्या गावांत माहितीची भर अधिक पडल्याचे तीत आढळले. कारण उघड आहे. एकट्याने ऐकलेली गोष्ट विसरली जाते. जिच्यावर चारचौघांत वाद झाला ती लक्षात राहते.

आज तशीच बैठक मोबाईलवर भरते. व्हॉट्सॲपच्या एका गटात २०१६ पासून २५६, तर २०२२ च्या अखेरीपासून १०२४ सभासद घेता येतात. परंतु फरक केवळ संख्येचा नव्हे. श्रोतेमंडळ गावाचे होते, हा गट बहुधा पिकाचा असतो. नाशिकचा आणि सांगलीचा द्राक्षबागाईतदार एकमेकांस न भेटताही छाटणीविषयी रोज बोलू शकतात. गावात माणसाची ओळख घराण्यावरून व जमिनीवरून होते. गटात ती त्याने दिलेल्या उत्तरांवरून होते. ज्याचा सल्ला दोन हंगाम खरा ठरला त्याच्या शब्दाला वजन येते, मग त्याची जमीन दोनच एकर का असेना. चावडीवर वडीलधाऱ्यांपुढे न बोलणारी सून येथे प्रश्न विचारू शकते. अर्थात फोन तिच्या हाती असेल तर. पुष्कळ घरांत तो एकच असतो, आणि घरधन्याच्या खिशात असतो.

या ओळखीत एक उणीवही आहे. मंडळात बोलणाऱ्याचे शेत सर्वांनी पाहिलेले असे. गटात पुष्कळदा नुसता क्रमांक दिसतो, आणि पुढे ढकललेल्या संदेशाचा मूळ लेखक शेतकरी होता की औषधविक्रेता, हे कळत नाही. फवारणीच्या बाबतीत चूक किती महाग पडते, हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले तेव्हा दिसले आहे.

२०१८ साली मक्यावर नवी लष्करी अळी आली. अशा वेळी गटाचा उपयोग मोठा, पण छायाचित्र नीट हवे. अळीच्या डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटीकडील भागावर चौकोनात चार काळे ठिपके दिसले, तरच ओळख पटते. लांबून काढलेल्या चित्रावरून औषध सुचविणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने आपल्या गटात प्रत्येकास नावापुढे गाव व पीक लिहावयास सांगावे. औषधाची मात्रा लिहिणाऱ्याने डब्यावरील लेबलाचे छायाचित्र जोडावे. न जोडल्यास तो संदेश काढून टाकावा. महिन्यातून एकदा गट कोणाच्या तरी बांधावर भरवावा व फोन नसलेल्यांनाही बोलवावे. शिवाय, जुन्या मंडळाप्रमाणे गटालाही एक चिटणीस नेमावा आणि त्याने प्रश्न वहीत उतरवून घ्यावेत. सकाळी विचारलेला प्रश्न दुपारपर्यंत शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडला जातो, आणि विचारणारा पुन्हा विचारीत नाही.