आभासी यंत्रात लिनक्स सर्व्हरची स्थापना आणि शब्दानुक्रमाचा प्रश्न

कलम, कळस, कवच, कसर आणि कहर हे पाच शब्द वर्णानुक्रमाने लावावयाचे झाल्यास मराठी वाचक ‘कळस’ हा शब्द सर्वांच्या शेवटी ठेवील. कारण वर्णमालेत ‘ळ’चे स्थान ‘ह’नंतर आहे. युनिकोड या संकेतव्यवस्थेत मात्र ‘ळ’ला ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामधला क्रमांक मिळालेला आहे. त्या क्रमांकांवरच विसंबणारा संगणक ‘कळस’ला ‘कलम’च्या पाठोपाठ बसवितो. तात्पर्य, शब्दसूचीतील क्रम केवळ शब्दांवर नव्हे, तर ती सिद्ध करणाऱ्या यंत्राच्या नियमांवरही अवलंबून असतो.

हे नियम कायमचे नसतात. लिनक्सवर आधारलेल्या डेबियन या संचालनप्रणालीत ते ‘जीलिबसी’ नावाच्या मूलभूत लायब्ररीत साठविलेले असतात. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या २.२८ या आवृत्तीत वर्गवारीचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. डेबियनची १० वी आवृत्ती २०१९ मध्ये आली तेव्हा हा बदल तिच्याबरोबर आला. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जुन्या क्रमाने बांधलेल्या अनुक्रमणिका नव्या क्रमाने तपासल्या जाऊ लागल्या, आणि प्रत्यक्षात असलेली नोंद शोधात न सापडण्याचा धोका उत्पन्न झाला. अनुक्रमणिका पुन्हा बांधणे हाच त्यावरील उपाय होता. व्यापारी हिशेबात अशी चूक लवकर उघडकीस येते. कोशकार्यात ती येतेच असे नाही. ‘हा शब्द संग्रहात आढळत नाही’ हे विधान तेथे निष्कर्ष म्हणून छापले जाते. म्हणून ज्या यंत्राने निष्कर्ष दिला ते यंत्रच जतन करणे अगत्याचे ठरते. आभासी यंत्र याच कामी उपयोगी पडते.

आभासी यंत्र म्हणजे एका प्रत्यक्ष संगणकाच्या पोटात आज्ञावलीच्या साहाय्याने उभा केलेला दुसरा संगणक. बाहेरच्यास यजमान व आतल्यास पाहुणा म्हणण्याचा प्रघात आहे. ही कल्पना नवी नव्हे. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज येथील संशोधनकेंद्राने १९६० नंतरच्या दशकातच ती मोठ्या संगणकांवर सिद्ध केली होती. पाहुण्याची संपूर्ण डिस्क यजमानाच्या दृष्टीने केवळ एक फाइल असते. तिची प्रत काढली की संचालनप्रणाली, लायब्ररी, नियम आणि शब्दसंग्रह या सर्वांची एकत्र प्रत निघते.

स्थापनेसाठी व्हर्च्युअलबॉक्स ही विनामूल्य आज्ञावली आणि डेबियनची १३ वी आवृत्ती (ऑगस्ट २०२५) यांचे उदाहरण घेऊ. प्रथम यजमान संगणकाच्या प्रारंभिक मांडणीत, म्हणजे बायॉसमध्ये, प्रोसेसरची आभासीकरणाची सोय चालू आहे की नाही ते पाहावे. नंतर डेबियनची स्थापना-फाइल उतरवून घ्यावी आणि तिचा चेकसम डेबियनने प्रसिद्ध केलेल्या चेकसमशी ताडून पाहावा. दोन्ही जुळले नाहीत तर ती फाइल टाकून द्यावी.

नवे यंत्र निर्माण करताना २ गिगाबाइट मेमरी आणि २० गिगाबाइट डिस्क दिल्यास मध्यम आकाराच्या शब्दसंग्रहाचे काम चालते. डिस्क ‘गरजेप्रमाणे वाढणारी’ निवडल्यास यजमानावरील जागा वापराच्या प्रमाणातच व्यापली जाते. स्थापना आपोआप पार पाडण्याचा पर्याय मात्र बंद ठेवावा. कारण पुढील प्रश्नांची उत्तरे स्वतः देण्यातच या कामाचे मर्म आहे.

पहिला प्रश्न भाषेचा असतो. डेबियनच्या स्थापकात मराठी उपलब्ध आहे. परंतु ती चित्रमय पद्धतीतच निवडता येते. साध्या अक्षरपडद्यावर देवनागरीतील मात्रा आणि जोडाक्षरे नीट उमटत नाहीत. सर्व्हरचा पडदा नेमका तसाच असल्यामुळे स्थापना इंग्रजीत करून देश भारत निवडावा आणि मराठीची व्यवस्था मागाहून करावी. व्यवस्थापकाचा, म्हणजे ‘रूट’चा, पासवर्ड रिकामा सोडल्यास पहिल्या वापरकर्त्यालाच व्यवस्थापनाचे अधिकार मिळतात.

त्यानंतर ‘संपूर्ण डिस्क वापरावी काय?’ हा प्रश्न येतो. नवशिक्याचा हात येथे थबकतो. परंतु ही डिस्क म्हणजे यजमानावरील ती एक फाइलच होय. यजमानाच्या स्वतःच्या फाइलींना त्यामुळे बाध येत नाही. पुढे आज्ञावलींची निवड करताना चित्रमय डेस्कटॉपची खूण काढावी. ‘एसएसएच सर्व्हर’ आणि ‘प्रमाण उपयुक्त साधने’ एवढेच ठेवावे. शेवटी ‘ग्रब’ हा प्रारंभक पाहुण्याच्या पहिल्या डिस्कवर बसवावा आणि यंत्र पुन्हा सुरू करावे.

व्हर्च्युअलबॉक्सच्या मूळ मांडणीत पाहुणा बाहेर जाऊ शकतो, पण यजमानाला त्याच्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही. यासाठी जाळ्याच्या मांडणीत यजमानाचे २२२२ क्रमांकाचे द्वार पाहुण्याच्या २२ क्रमांकाच्या द्वाराशी जोडून द्यावे. मग यजमानावरील टर्मिनलमधून एसएसएचने पाहुण्यात प्रवेश मिळतो. टर्मिनल देवनागरी दाखविणारे असेल तर मराठी मजकूर तेथे वाचता येतो.

आता डेबियनची भाषाविषयक मांडणी उघडून भारतातील मराठीचे लोकॅल, म्हणजे त्या भाषेच्या संकेतांचा संच, निर्माण करावे. आरंभी दिलेले पाच शब्द एका फाइलीत लिहून ‘सॉर्ट’ ही आज्ञा दोनदा चालवावी : एकदा ‘सी’ या मूळ लोकॅलमध्ये, एकदा मराठीच्या लोकॅलमध्ये. ‘सी’मध्ये ‘कळस’ दुसरा येईल. मराठीच्या लोकॅलमध्ये तो शेवटी आला तरच त्या क्रमाला या बाबतीत वर्णमालेला धरून म्हणता येईल. दोन्ही निकाल, लायब्ररीचा आवृत्तिक्रमांक आणि दिनांक यांची नोंद करूनच शब्दसंग्रह आत आणावा.

जतनासंबंधी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. ‘स्नॅपशॉट’ घेतला म्हणजे सुरक्षित प्रत झाली, असे अनेकांना वाटते. स्नॅपशॉट मूळ डिस्क-फाइलीवर अवलंबून असतो. ती नष्ट झाली की तोही निरुपयोगी होतो. खरी प्रत हवी असल्यास यंत्र बंद करून ते ‘ओव्हीए’ स्वरूपात निर्यात करावे, त्या फाइलीचा चेकसम नोंदवावा आणि ती वेगळ्या डिस्कवर ठेवावी. चालत्या यंत्रात सुरक्षाविषयक दुरुस्त्या अवश्य घ्याव्यात. डेबियनच्या एकाच आवृत्तीत राहून त्या घेतल्यास जीलिबसीची मुख्य आवृत्ती बदलत नाही. नव्या आवृत्तीत जाताना मात्र अनुक्रमणिका नव्याने बांधाव्यात. जतन केलेली जुनी प्रत पुन्हा सुरू करावयाची झाल्यास तिचे जाळे तोडूनच ती चालवावी. कारण तिच्यातील जुने दोष दुरुस्त झालेले नसतात.

पोथीवरून पाठ सिद्ध करणारा संपादक ती पोथी कोठली, तिची पाने किती, लिपी कशी, हे प्रस्तावनेत नमूद करतो. कारण त्यावाचून त्याचा पाठ दुसऱ्याला पडताळून पाहता येत नाही. संगणकाने सिद्ध केलेल्या सूचीलाही हाच न्याय लागू पडतो. ओव्हीए स्वरूपातील ती एक फाइल हाती असली, तर दहा वर्षांनंतरचा अभ्यासकही, यजमान संगणक त्याच जातीच्या प्रोसेसरचा असल्यास, तेच पाच शब्द त्याच यंत्रास देऊन ‘कळस’ कोठे येतो हे स्वतः पाहू शकेल.